उसना आरोपी

"फक्त नाव द्यायचंय, अप्पा. बाकी तुमचं काही जात नाही," विलास नाईकनवरे म्हणाला आणि बशीत ओतलेला चहा त्यानं एका दमात संपवला.

संध्याकाळची वेळ होती. आमच्या दारापुढं टेम्पो उभा होता आणि आमचे हे हौद्यातून अंड्यांचे रिकामे ट्रे उतरवून भिंतीला लावत होते. नाईकनवरेला मी ओळखत होते, सगळा गावच ओळखायचा. तो वकील नव्हता, पण दिवसभर कोर्टाच्या आवारात असायचा. पोलीसही नव्हता, पण ठाण्यात त्याला खुर्ची मिळायची. कुणाला अपघात झाला की पाहुण्यारावळ्यांच्या आधी हा मयताच्या घरी पोचतो, असं लोक म्हणायचे.

"माझं नाव कशाला?" यांनी विचारलं.

"सांतूच्या पोरांसाठी."

हे हातातले ट्रे तसेच धरून थांबले.

सांतू म्हणजे संतराम वाघमोडे. बसस्टँडजवळच्या बेकरीत कामाला होता. हे रोज सकाळी पोल्ट्रीवरून अंडी आणून गावातल्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना पोचवायचे, तेव्हा बेकरीच्या मागच्या दारी सांतूच ट्रे उतरवून घ्यायचा. हसरा पोरगा होता. एखादं अंडं फुटलेलं निघालं तर मालकाला न सांगता बाजूला ठेवून द्यायचा, असं हे घरी येऊन सांगायचे. दिवाळीनंतर एका रात्री बेकरीतून सायकलीवरून घरी जाताना बारव फाट्याजवळ कुठल्यातरी गाडीनं त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. सकाळी शेतावर निघालेल्या माणसांना तो रस्त्याकडेच्या चारीत पडलेला दिसला.

"पोलिसांनी कागदावर लिहिलंय, अज्ञात वाहन," नाईकनवरे सांगत होता. "अज्ञात वाहनाला विमा नसतो, अप्पा. सरकार देतं ते किरकोळ, त्यात दिवस-कार्यसुद्धा होत नाही. पण गाडी सापडली, आणि तिचा विमा चालू निघाला, तर कंपनीला भरपाई द्यावीच लागते. सांतूच्या बायकोचं आयुष्य निघेल. तुमचा विमा कधी थकत नाही, हे मला माहीत आहे."

"पण मी त्या रात्री तिकडं नव्हतोच. सोलापूरला माल टाकायला गेलो होतो."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. खरा उडवणारा कधी हो म्हणेल का?"

मी दारात उभी होते. मी म्हणाले, "आणि पोलीस केस?"

"वहिनी, जामीन जागच्या जागी होतो. केस पडून राहते पाच-सहा वर्षं. मग साक्षीदार म्हणतो, अंधार होता, नीट दिसलं नाही. सुटले अप्पा. यात तोटा झालाच तर कंपनीचा, आणि कंपनी म्हणजे काय कुणा एकाची चूल आहे का?" बोलता बोलता त्याची नजर टेम्पोच्या चाकांकडं गेली. "टायर पार गुळगुळीत झालेत की. चारी नवीन बसवून देतो. तेवढं माझ्याकडून."

यांनी तेव्हा हो-नाही काहीच केलं नाही. जेवताना मात्र अचानक म्हणाले, "सांतूची बायको बेकरीत आली होती. राहिलेला पगार मागायला. धाकटं कडेवर, थोरलं पदराला. मालकानं दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवली तिला."

"म्हणून तुम्ही खून अंगावर घेणार?"

"खून कसला? अपघात."

"लोक तुम्हाला कशानं ओळखतात? खड्ड्यातून गाडी काढली तरी एक अंडं फुटत नाही, म्हणून. उद्या काय म्हणतील?"

"बोलतील चार दिवस," हे म्हणाले. "आणि नाव काय, वापरलं म्हणून झिजतं का?"

दोन दिवसांनी हवालदार आला, नाईकनवरेला सोबत घेऊन. पंचनामा करायचा तर गाडीवर अपघाताची खूण पाहिजे. हवालदारानं आमच्याच दारातला दगड उचलला आणि उजवीकडच्या दिव्याकडं वळला.

"साहेब, तो नाही," नाईकनवरे म्हणाला. "सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला होती. डावा फोडा."

हवालदार हसला आणि डाव्या बाजूला गेला. पहिल्या घावात काच तडकली, दुसऱ्यात खाली आली. मग त्याच दगडानं त्यानं पत्रा चेपवला. हे शेजारी उभे राहून बघत होते. दर घावाला यांचा खांदा उडत होता. नंतर यांनी सही केली आणि मी झाडू घेऊन काचा गोळा केल्या.

जामीन झाला, नाईकनवरेनं सांगितलं होतं तसा. टायरही आले. पण पेपरात बातमी आली, ती त्यानं सांगितली नव्हती. चारच ओळी होत्या. सायकलस्वाराला ठार करून पळालेला टेम्पोचालक अखेर सापडला, आणि पुढं यांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गल्ली.

बेकरीवाल्यानं त्याच दिवशी पोल्ट्रीवर निरोप ठेवला: ज्यानं आमचा पोरगा मारला त्याच्या हातची अंडी आम्हाला नकोत. त्याचं चुकीचं तरी कसं म्हणायचं? मग दोन हॉटेलवाले तसंच म्हणाले. पोल्ट्रीचा मालक भला माणूस, पण महिन्याभरानं तोही म्हणाला, "अप्पा, माझी काही तक्रार नाही. पण थोडे दिवस राहू द्या." हे मंडपवाल्याचं सामान वाहायला लागले. बांबू, कनाती, खुर्च्या. तिथं काही फुटायची भीती नव्हती.

नाईकनवरेची एक अट होती. सांतूच्या बायकोला, रेखाला, सगळं ठाऊक होतं. तिच्या सहीशिवाय दावा लागलाच नसता. पण सांतूच्या आईला काही कळू द्यायचं नाही. म्हातारीच्या पोटात काही राहत नाही, ती चारचौघांत बोलून बसेल, असं त्याचं म्हणणं.

ती म्हातारी संक्रांतीच्या आधी एके दुपारी आमच्या दारात आली.

मी उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होते. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा काळवंडलेला. फाटकाला धरून ती उभी राहिली.

"टेम्पोवाला बिराजदार हितंच राहतो का?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी सांतूची आई. कोंडाबाई."

मला वाटलं, आता ही छाती बडवून घेईल, गल्ली गोळा करेल. ती पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भांडाय न्हाई आले, पोरी. मला त्याला निस्तं बघायचंय."

हे आतून बाहेर आले. तिनं यांना खालपासून वरपर्यंत निरखलं.

"तूच काय?"

यांनी मान हलवली. ठाण्यात कागदावर सही केली होती, पण माणसाच्या तोंडावर हो म्हणायची ही पहिलीच वेळ.

"थांबलास का पळालास?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार होते?

"थांबलो, मावशी."

"मग मला सांग बाबा. माझ्या लेकाचं शेवटचं कुणीच बघितलं न्हाई. तूच हाईस एकला. सुदीत हुता का?"

"होता."

"पाणी मागितलं?"

"मागितलं."

"मग?"

"पाजलं. गाडीत बाटली होती. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजलं."

"किती प्याला?"

"दोन घोट," हे म्हणाले.

"काय बोलला?"

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. हे पायरीच्या खालच्या फरशीवर तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

"आई म्हणाला."

कोंडाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. तशीच कितीतरी वेळ पुढं-मागं हलत राहिली. मग एकदम थांबून म्हणाली, "मग दवाखान्यात का न्हाई नेलास?"

"तेवढ्यात गेला, मावशी. मग मी भ्यालो."

"भ्याला असशील," ती म्हणाली. "माणूस भितं." तिनं यांचा उजवा हात ओढून घेतला, तळवा उलटा करून बघितला. "ह्याच हातानं पाजलंस?"

हे हो म्हणाले. तिनं तो हात हलकेच परत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, जशी काही दुसऱ्याची वस्तू परत करावी. "मी तुला माफ केलं," असं म्हणून ती उठली आणि पिशवी घेऊन गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी यांच्यावर ओरडले. "काय बोलून बसलात हो?"

"मग काय सांगू?" हेही चिडून म्हणाले. "सकाळपर्यंत चारीत एकटा पडला होता, म्हणू?"

मला वाटलं, मिटलं. पण ती पुढच्या महिन्यात पुन्हा आली, मग त्याच्या पुढच्या. बाजाराच्या दिवशी यायची, पायरीवर बसायची, मी दिलेला चहा घ्यायची आणि म्हणायची, "सांग." हे सांगायचे. तोंड कुठल्या दिशेला होतं, चांदणं होतं की नाही, सायकल कुठं पडली होती. तिला सगळं पाठ झालं होतं. "मागल्या खेपंला तू डाव्या मांडीवर म्हणला हुतास," असं ती मधेच म्हणायची आणि हे दुरुस्त करायचे. हळूहळू त्या गोष्टीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. ऐकता ऐकता मलासुद्धा ते दिसायला लागलं होतं.

एकदा लग्नाचं सामान घेऊन आम्ही दोघं शेजारच्या गावाला निघालो होतो. बारव फाट्यावर यांनी टेम्पो कडेला घेतला, खाली उतरले आणि चारीपाशी जाऊन उभे राहिले. मी उतरून गेले.

"काय झालं?"

"इथं," हे म्हणाले. "सायकल तिकडं पडली होती."

मी यांच्या दंडाला धरून हलवलं, तेव्हा ते भानावर आले.

असं करता करता तीन वर्षं गेली. दावा कोर्टात पुढं सरकत होता. आणि एक दिवस विमा कंपनीचा माणूस घरी आला. देवळे त्याचं नाव. तपासाचं काम करायचा. साधा शर्ट, पायात चपला. पाणी मागून प्यायला, टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि बसला.

"बिराजदार, आधी पोलिसांनी अज्ञात वाहन लिहिलं. मग तीन आठवड्यांनी एक साक्षीदार उगवला आणि त्याला तुमचा नंबर आठवला. तेव्हाच आमच्या साहेबांना शंका आली होती. पण शंकेवर कोर्ट चालत नाही." त्यानं पिशवीतून एक फोटो काढला. "हा सोलापूर रोडच्या टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यातला. त्याच रात्रीचा. हा तुमचा टेम्पो. आणि हा काचेमागं तुमचाच चेहरा ना?"

मी वाकून बघितलं. हेच होते. कानाला मफलर बांधलेला, जांभई देताना.

"तुम्हाला साक्षीला बोलावणार आहोत," देवळे म्हणाला. "खरं सांगा. नाईकनवरेनं काय केलं, हवालदारानं काय केलं, सगळं. तुमच्यावर मेहेरनजर ठेवा म्हणून आमचे वकील कोर्टाला सांगतील. तुम्ही यात कमवलंय काय, ते दिसतंच आहे."

हे म्हणाले, "अपघात माझ्याच हातून झाला."

देवळे फोटो पिशवीत ठेवून निघून गेला.

मी यांच्या पाया पडले. म्हटलं, सांगून टाका. रेखाला पैसे मिळायचे तर आता नाहीतच मिळणार, त्या फोटोनंतर कोण देतंय? तुम्ही तरी सुटा.

"म्हातारी येते की कोर्टात. दर तारखेला," एवढंच हे म्हणाले.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं नव्हतं. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यातून बघणाऱ्या, आवाज अगदी खालचा. एका बाकावर रेखा, तिच्या शेजारी कोंडाबाई. नाईकनवरे मागच्या भिंतीला टेकून. कंपनीच्या वकिलानं फोटो यांच्या हातात दिला.

"हे वाहन कुणाचं?"

"माझं."

"चालवणारा कोण?"

"दिसत नाही नीट."

"नीट बघा. तुम्हीच आहात. त्या रात्री तुम्ही घटनास्थळापासून शंभर किलोमीटर लांब होतात. खरं की खोटं?"

"खोटं. मी फाट्यावर होतो."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "बिराजदार, तुम्ही शपथेवर आहात. खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते. समजतंय ना? लोक इथं येऊन 'मी नव्हतो' म्हणतात. तुम्ही पुराव्याविरुद्ध 'मी होतो' म्हणताय. विचार करून उत्तर द्या."

यांनी कोंडाबाईकडं बघितलं. ती पुढं झुकून, ओठ मिटून ऐकत होती.

"मीच होतो, बाईसाहेब," हे म्हणाले. "मीच उडवलं. डोकं मांडीवर घेतलं, डाव्या. बाटलीतलं पाणी पाजलं. दोन घोट प्याला. आई म्हणाला आणि गेला."

कोंडाबाई न्यायाधीशांकडं बघून मान हलवत होती, बरोबर आहे म्हणून. तिच्या चेहऱ्यावर अभिमानासारखं काहीतरी होतं. कंपनीचा वकील खाली बसला.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. न्यायाधीश बाईंनी शेवटचा भाग मराठीत वाचून दाखवला, सगळ्यांना कळावा म्हणून. दावा फेटाळला होता. टेम्पो त्या रात्री अपघाताच्या जागी नव्हता, कागद बनावट होते, कोर्टाची फसवणूक झाली होती. कंपनीचा खर्च आणि वर दंड, टेम्पोचा मालक आणि दावा लावणारी या दोघांनी मिळून भरायचा. मालकावर खोट्या साक्षीचा खटला. हवालदाराची चौकशी. मग त्यांनी पान उलटलं.

"वैद्यकीय पुराव्यानुसार मृत व्यक्ती अपघातानंतर काही काळ जिवंत असावी," त्या वाचत होत्या. "तिला वेळेवर मदत मिळाली असती तर काय झालं असतं, हे आज सांगता येत नाही. मात्र या बनावट नोंदीमुळं पोलिसांनी खऱ्या वाहनाचा शोध त्याच दिवशी बंद केला. तो शोध आता नव्यानं सुरू करावा, असा आदेश देण्यात येत आहे."

मी आजपर्यंत नाईकनवरेचंच ऐकत आले होते, की यात कुणाचा तोटा नाही. ते वाक्य ऐकताना मी कोंडाबाईकडं बघितलं.

बाहेर आवारात लिंबाच्या झाडाखाली कोंडाबाई आमची वाट बघत उभी होती. रेखा तिचा हात ओढत होती. "चला की आत्या, गाडी जाईल." म्हातारी हलली नाही. आम्ही जवळ गेलो.

"बाई काय म्हणली आत?" तिनं यांना विचारलं. "तू नव्हतासच?"

"नव्हतो, मावशी."

"मग पाणी कुणी पाजलं?"

हे खाली बघत राहिले.

"कुणीच न्हाई?"

"मला ठाऊक नाही, मावशी. मला काहीच ठाऊक नाही."

तिनं रेखाकडं वळून बघितलं. "तुला ठावं हुतं?" रेखानं मान खाली घातली आणि रडायला लागली. "पोरांसाठी केलं हो, आत्या. काय करू मग?" कोंडाबाईनं तिच्या हातातला आपला हात सोडवून घेतला. रागानं नाही, अगदी सावकाश. मग पुन्हा यांच्याकडं वळली.

"आन् ज्यानं माझ्या लेकाला मारलं, त्याला कुणी हुडकलाच न्हाई? तू नाव दिलंस म्हणून?"

यांनी मान हलवली.

"तीन वर्सं मी तुला माफ केलं," ती म्हणाली. "दर महिन्याला यिऊन केलं. मग मी माफ कुणाला केलतं रं?"

आजूबाजूचे पक्षकार थांबून बघायला लागले होते. ती कुणाकडं न बघता फाटकाबाहेर गेली. एसटी स्टँडच्या उलट्या दिशेला गेली. रेखा तिच्या मागं धावली.

त्यानंतर सगळं भराभर संपलं. कोर्टाचा बेलिफ आला आणि दंडापोटी टेम्पो घेऊन गेला. रेखाकडून वसूल करण्यासारखं काही नव्हतंच. ती पोरांना घेऊन माहेरी निघून गेली. हवालदाराची बदली झाली, तीही त्याच्या गावाजवळ. नाईकनवरेचं काहीच झालं नाही. त्याची कुठंच सही नव्हती. नंतर एकदा बाजारात भेटला तर म्हणाला, "वहिनी, अप्पांनी फोटो बघून तरी फिरायला पाहिजे होतं." मी त्याच्या अंगावर थुंकले नाही, एवढंच.

हे मार्केट यार्डात हमाली करायला लागले. बोलणं जवळजवळ बंदच झालं. खोट्या साक्षीच्या खटल्याच्या तारखा चालू होत्या. तारखेला जायचे, परत यायचे, जेवायचे, झोपायचे. बाजाराच्या दिवशी मात्र यार्डातून लवकर येऊन पायरीवर बसायचे. कोंडाबाई आली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी आली नाही.

ती आली पुढच्या वर्षी, होळीच्या सुमाराला, सकाळच्या वेळी. फाटक उघडून आत आली, पण बसली नाही.

"तो कुठाय?"

"आहेत आत. बसा ना, मावशी."

"बोलीव."

हे बाहेर आले. ती बारीक झाली होती, डोळे खोल गेले होते. तिनं यांना नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ बोलायला लागली.

"कोरटानं पोलिसांना सांगितलंय, त्या गाडीचा तपास नव्यानं करा म्हणून. मी चार खेपा घातल्या. मला दारातनंच माघारी लावत्यात. म्हातारे, पुरावा हाय का म्हणत्यात. आदी आरोपी सापडला हुता, तवा तू गप बसलीस की, असं तोंडावर म्हणत्यात." ती दम खायला थांबली. "तुझ्यावर केस हाय. तुला आत तरी घेत्यात. चल."

हे चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना. मी म्हणाले, "मावशी, घोटभर चहा तरी..."

"तुझ्या घरचं काय नगं मला," ती म्हणाली.

हे तसेच अनवाणी निघाले. ती पुढं, हे चार पावलं मागं. रस्त्यात तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

तिच्या-यांच्या त्या फेऱ्या पुढं दोन वर्षं चालल्या. ठाण्यात गेले, आरटीओत गेले, जिल्ह्याच्या साहेबांकडं अर्ज घेऊन गेले. हायवेवरच्या एकेका गॅरेजात जाऊन विचारत बसायचे, चार-पाच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पुढचा दिवा फुटलेली गाडी कुणी आणली होती का. लोक हसायचे. एवढ्या वर्षांनी कुणाला काय आठवणार? कोंडाबाई यांच्याशी कामापुरतं बोलायची. सांतूचं नाव यांच्यासमोर तिनं पुन्हा घेतलं नाही, आणि यांनी कधी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, असं हे म्हणायचे. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि श्रावणात ती गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मला वाटलं, आता तरी हे थांबतील. तिचे दिवस झाल्यावर एके सकाळी हे कपडे करून निघाले. मीही चपला घातल्या आणि सोबत गेले.

ठाण्यात नवीन साहेब आले होते, तरुण होते. यांनी कोंडाबाईचा अर्ज पुढं केला. साहेबांनी वाचला, वरची तारीख बघितली, पुन्हा वाचला.

"फार जुनं आहे हे, काका. अर्जदार बाई कुठं आहेत?"

"वारल्या."

"मग तुम्ही मयताचे कोण?"

"कुणी नाही, साहेब," हे म्हणाले. "याच्यात आधी मीच आरोपी होतो."

साहेबांनी वर बघितलं. यांच्याकडं, मग माझ्याकडं. त्यांनी समोरच्या बाकाकडं हात केला.

"बसा. जुनी फाईल काढायला सांगतो. वेळ लागेल."

आम्ही बसलो.